लेब्रॉन गेला, तेव्हा क्लीव्हलँडचं काय गेलं?

आजचा विषय जरा दुखरा आहे. आपला आवडता खेळाडू आपली टीम सोडून जातो, तेव्हा नक्की राग कशाचा येतो? त्यासाठी मी तुम्हाला नेणार आहे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला.

८ जुलै २०१०. तिकडे रात्रीचे नऊ, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. ईएसपीएनवर ‘द डिसिजन’ नावाचा खास कार्यक्रम लागलाय. पंचवीस वर्षांचा लेब्रॉन जेम्स त्यात सांगतो की पुढच्या सीझनपासून तो मायामी हीटकडून खेळणार. बस्स! क्लीव्हलँडमध्ये काही चाहते रस्त्यावर उतरले आणि त्याची २३ नंबरची जर्सी पेटवून दिली. टीमचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच रात्री जाहीर पत्र लिहून त्याला थेट विश्वासघातकी ठरवलं. वर छातीठोकपणे सांगितलं की त्याच्या आधी आम्हीच चॅम्पियन होऊ.

एका खेळाडूसाठी एवढं? हो, कारण तो घरचा होता. लेब्रॉन शेजारच्या अ‍ॅक्रनचा. २००३च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच नंबर क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचा लागला आणि शाळेतून थेट एनबीएत येणारा हा पोरगा घरच्याच टीमला मिळाला. सात सीझन तो खेळला, दोनदा एमव्हीपी झाला, पण ट्रॉफी काही आली नाही.

आणि हे शहर कसलं? पोलाद आणि कारखान्यांचं. १९५० साली इथली लोकसंख्या ९ लाखांच्या वर होती, २०१०मध्ये ती ४ लाखांच्याही आत आली. काम गेलं, माणसं गेली. १९९५मध्ये तर ब्राउन्स ही फुटबॉलची टीमसुद्धा मालकाने बाल्टिमोरला हलवायची ठरवली. शहराने शेवटचं मोठं विजेतेपद पाहिलं होतं १९६४ साली. म्हणजे ज्या गावाला ‘सोडून जाणं’ पाठ झालं होतं, तिथला सगळ्यात लाडका माणूस टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम करून निघाला. मला तरी वाटतं, जाण्यापेक्षा ही जाण्याची पद्धत जास्त लागली.

आता जरा दुसरी बाजू बघू. खेळाडूला असं जाता येतं, हा हक्क आला कुठून? एकेकाळी एनबीएत करार संपला तरी खेळाडू टीमच्याच ताब्यात राहायचा. मालक त्याला दुसऱ्या टीमला देऊ शकायचा, पण खेळाडू मनाने कुठे जाऊ शकायचा नाही. १९७०मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या दिग्गज खेळाडूने खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून लीगवर खटला भरला. तडजोड झाली १९७६मध्ये, आणि दार किलकिलं झालं. पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ उजाडलं. लेब्रॉन ज्या दारातून गेला, ते दार असं उघडलं होतं. करार त्याने मोडला नव्हता, संपल्यावर तो गेला.

म्हणजे चाहते चुकले? तसं मी म्हणणार नाही. करार मालक आणि खेळाडूत होतो. चाहत्याची सही कुठेच नसते, तरी वर्षानुवर्षं तो जीव लावतो. हक्क खेळाडूचा, दुःख चाहत्याचं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण एक गंमत बघा. टीम खेळाडूला ट्रेड करते तेव्हा बरेचदा आपण म्हणतो, ‘धंदा आहे.’ तोच खेळाडू स्वतःहून गेला की ‘गद्दार’. हा फरक मला खटकतो.

पुढचं तर भन्नाट आहे. लेब्रॉनशिवाय कॅव्हेलियर्स ६१ विजयांवरून थेट १९वर आले आणि सलग २६ मॅच हरले. लेब्रॉनने मायामीत २०१२ आणि २०१३ अशा दोन ट्रॉफ्या जिंकल्या. आणि २०१४मध्ये? तो परत आला, त्याच गिल्बर्ट यांच्या टीममध्ये! १९ जून २०१६ला फायनलमध्ये ३-१ने मागे पडूनही कॅव्हेलियर्सनी गोल्डन स्टेट वॉरियर्सना हरवलं. फायनलमध्ये असं याआधी कुणीच केलं नव्हतं. ५२ वर्षांची वाट संपली. विजययात्रेला लाखो लोक लोटले.

२०१८मध्ये तो पुन्हा गेला, या वेळी लॉस एंजेलिस लेकर्सकडे. तेव्हा मात्र २०१०सारखा भडका उडाला नाही. हक्क दोन्ही वेळा तोच होता. बदललं होतं ते एवढंच, की या वेळी जाण्याआधी त्याने गावाला दिलेला शब्द पाळला होता.

तुमच्या टीमचा कोण गेला, जो अजून सलतो? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!