अ‍ॅन फ्रँकचं झाड

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँकला माळ्याच्या खिडकीतून मागच्या बागेतलं एक हॉर्स चेस्टनट दिसायचं. पुढे दीडशे वर्षांच्या त्या झाडाचं खोड बुरशीने आतून कुजलं. पडेल या धास्तीने २००७ साली नगरपालिकेने ते तोडायचं ठरवलं; लोक कोर्टात गेले, झाड वाचलं. २००८ मध्ये त्याला पोलादी आधार दिला. २३ ऑगस्ट २०१० रोजी वादळी वाऱ्यात ते आधारासकट कोसळलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. आधाराने कुजणं थांबत नाही, थोडी मुदत मिळते. पण झाड उभं होतं तोवरच त्याच्या बिया रुजवल्या होत्या. त्यातली काही रोपं आज अमेरिकेतही वाढताहेत. तुमच्या घराजवळ असं झाड असेल, तर आत घट्ट लाकूड किती उरलंय ते जाणकाराकडून तपासून घ्या. आणि बिया आधीच जमवा.