राखणदाराची सवय चोराला पाठ असते

आजची गोष्ट एका संशोधकाची, पण सुरुवात आमच्या नारायणगावच्या मळ्यातून.

गेल्या वर्षी आमच्या विहिरीवरच्या मोटरची केबल चोरीला गेली. आप्पा, म्हणजे माझे चुलते, रोज रात्री दोन चकरा मारायचे. एक जेवणानंतर, दुसरी साडेतीनला. चोर आला तो मधल्या वेळेत. आप्पा आठवडाभर धड जेवले नाहीत. "मीच कमी पडलो," एवढंच म्हणायचे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. राखणीचं काही गणित असतं का, हे शोधता शोधता एका नावावर थांबलो: मिलिंद तांबे.

१९८६ ला ते पिलानीच्या बिट्समधून बाहेर पडले आणि १९९१ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनमधून पीएच.डी. झाले. तिथं त्यांचं काम 'सोअर'वर होतं. माणूस विचार कसा करतो ते कॉम्प्युटरवर मांडायचा तो प्रयत्न. ॲलन न्यूवेल हे त्याच्या जनकांपैकी एक.

आता या २००७ मध्ये. लॉस एंजेलिस विमानतळाच्या पोलिसांपुढं आप्पांचाच प्रश्न होता: जागा जास्त, माणसं कमी. नाका कुठल्या रस्त्यावर लावायचा? कुत्र्यांची गस्त कुठल्या टर्मिनलला न्यायची? माणसाला "मनाला येईल तसं फिर" म्हटलं, तरी त्याच्या फिरण्यात साचा तयार होतोच. पाळत ठेवणारा तोच पकडतो. तांबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'आर्मर' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. ते जणू फासे टाकून वेळापत्रक ठरवायचं. फक्त जिथं नुकसान मोठं होईल, तिथं फेरी जास्त वेळा पडायची.

पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: हल्लेखोर पक्का हिशेबी असतो. खरा माणूस कुठं तसा असतो? मग या गटानं लोकांना प्रत्यक्ष खेळ खेळायला लावून पाहिलं. माहिती अपुरी असली की आपण सगळ्या दारांवर सारखाच पहारा धरून चालतो, आणि त्या पहिल्या अंदाजाला चिकटून राहतो. २०१० च्या त्यांच्या निबंधात हा कल गणितात बसवलेला आहे. २०११ ला बोस्टन बंदराच्या गस्तीसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तर चुका करणारा हल्लेखोरच धरला होता.

पुढं हेच सायबर सुरक्षेत आलं. कार्नेगी मेलनच्या क्लिओटिल्ड गोन्झालेझ यांच्यासारख्या मनाच्या अभ्यासकांसोबत हॅकिंगचा एक खेळ तपासला गेला. "या कॉम्प्युटरवर पाळत आहे" अशी सूचना दिसायची, कधी खरी, कधी नुसती हूल. हिशेबानं खेळाडूनं मागं फिरायला हवं. पण लोक अपेक्षेपेक्षा जास्त वेळा हल्ला करत राहिले. हिशेबापेक्षा "मागच्या वेळी काय झालं" हेच त्यांच्या डोक्यात जास्त चालायचं.

म्हणजे चोर असो वा राखणदार, मन दोघांचंही माणसाचंच.

हे मी आप्पांना सांगितलं. "तुम्ही कमी नाही पडलात आप्पा. वेळ ठरलेली होती, तिथं गडबड झाली." आता ते झोपायच्या आधी लुडोचा फासा टाकतात. जो आकडा पडेल, त्यावर रात्रीच्या चकरेची वेळ.

आणि मी? ओटीपी सांगून फसलेल्या माणसाला "एवढं कसं कळलं नाही?" असं विचारणं सोडलंय. आपण बनवलेलं ॲप घाबरलेला, घाईतला माणूसही वापरणार आहे, हे आधी आम्ही कोड लिहिणाऱ्यांनी धरून चालायला पाहिजे.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तुमचा पासवर्ड जन्मतारखेचा असेल, तर आजच बदला!