ऐनवेळी विमान बदलल्यास प्रवाशांना भरपाई केव्हा मिळते?

नियोजित विमानाऐवजी दुसरेच विमान उड्डाणासाठी आणले जाणे, ही हवाई वाहतुकीतील नित्याची बाब आहे. उड्डाणाचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण तेच राहते. मात्र आसनांची संख्या, मांडणी आणि काही वेळा प्रवासाचा वर्गही बदलतो. केवळ विमान बदलले, एवढ्या कारणावरून भारतीय नियमांनुसार भरपाई मिळत नाही. भरपाईचा हक्क त्या बदलाच्या परिणामातून निर्माण होतो. त्यामुळे आपल्या बाबतीत नेमका कोणता परिणाम घडला, हे प्रवाशाने विमानतळावरच ओळखणे आवश्यक ठरते.

एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते. सकाळच्या फेरीनंतर तांत्रिक बिघाड आढळला, की पुढील फेऱ्यांसाठी पर्याय शोधावा लागतो आणि हाताशी असलेले विमान त्याच आकाराचे असेलच असे नाही. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांमधील दोषामुळे २०२३ पासून ए-३२० निओ श्रेणीतील अनेक विमाने जमिनीवर उभी ठेवावी लागली. तेव्हा ही अडचण अधिकच वाढली. २२२ आसनांच्या ए-३२१ निओऐवजी १८० आसनांचे ए-३२० आले, तर पूर्ण भरलेल्या उड्डाणात ४२ प्रवाशांना जागाच उरत नाही.

अशा प्रवाशांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या, नियमावलीचे संरक्षण आहे. ऑगस्ट २०१० मध्ये लागू झालेल्या या नियमावलीत २०१६ मध्ये सुधारणा करून भरपाईच्या रकमा वाढवण्यात आल्या. निश्चित आरक्षण असलेले आणि वेळेत हजर झालेले प्रवासी उपलब्ध आसनांपेक्षा अधिक असतील, तर कंपनीने प्रथम स्वेच्छेने जागा सोडणाऱ्यांना आवाहन करावे, असे त्यात नमूद आहे. त्यानंतरही ज्याला इच्छेविरुद्ध प्रवेश नाकारला जातो, त्याला एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिल्यास भरपाई देय नसते. पर्यायी विमान २४ तासांच्या आत असेल, तर एकेरी प्रवासाचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या दुप्पट, परंतु कमाल १० हजार रुपये मिळतात. २४ तासांहून अधिक उशीर असल्यास ही रक्कम चौपट, कमाल २० हजार रुपये होते. प्रवाशाने पर्यायी विमान नाकारल्यास तिकिटाचे पूर्ण पैसे आणि त्याशिवाय ही चौपट भरपाई, अशी तरतूद आहे. उदाहरणार्थ, मूळ भाडे ३,२०० आणि इंधन शुल्क ४०० रुपये असल्यास भरपाई अनुक्रमे ७,२०० किंवा १४,४०० रुपये होईल.

आसने का कमी पडली, याला या तरतुदीत महत्त्व नाही. आटोक्याबाहेरील परिस्थितीची सबब रद्द किंवा विलंबित उड्डाणांपुरती आहे. मात्र ‘स्वेच्छेने जागा सोडली’ अशा आशयाच्या कागदावर घाईत स्वाक्षरी केल्यास प्रवाशाच्या हाती कंपनीने देऊ केलेल्या सवलतीपलीकडे काही उरत नाही. स्वाक्षरीपूर्वी तो कागद वाचणे एवढाच त्यावर उपाय आहे.

दुसरा परिणाम वर्ग घटण्याचा. बिझनेस वर्गाचे तिकीट असताना इकॉनॉमीत बसवले गेल्यास १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळण्याची तरतूद झाली. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी हे प्रमाण दीड हजार किलोमीटरपर्यंत ३०, साडेतीन हजारांपर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के ठेवण्यात आले.

नियम असला तरी तो पाळला जातोच, असे नाही. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएने जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड ठोठावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच कंपनीला पुन्हा तेवढाच दंड झाला. नादुरुस्त आसनांवर बसवलेल्या बिझनेस वर्गातील आंतरराष्ट्रीय प्रवाशांना भरपाई न देणे, हे त्यामागील एक कारण होते.

वर्ग तोच राहून केवळ आसन बदलले, तर भरपाई नाही; परंतु खिडकीजवळच्या वा ऐसपैस आसनासाठी दिलेले जादा शुल्क परत मागावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच आरक्षणातील किमान एका पालकाजवळ आसन द्यावे, असा निर्देश डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. आसनांची फेरमांडणी झाल्यास कुटुंबांनी त्याचा आधार घ्यावा.

परदेशात हाच प्रसंग वेगळ्या तऱ्हेने हाताळला जातो. अमेरिकेच्या नियमांनुसार परिचालन वा सुरक्षिततेच्या कारणास्तव लहान विमान आणावे लागले, तर प्रवेश नाकारल्याची भरपाई देय नसते. कंपन्यांना ही मोठीच मुभा म्हणावी लागेल. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये फिनएअर कंपनीच्या प्रकरणात परिचालनाची कारणेही भरपाईतून सूट देत नाहीत, असा निर्णय दिला. युरोपीय संघाचा २००४ चा कायदा तेथून निघणाऱ्या सर्व कंपन्यांच्या विमानांना लागू होतो; तेथे येणाऱ्या विमानांच्या बाबतीत तो फक्त युरोपीय कंपन्यांना लागू आहे. त्यामुळे एअर इंडियाच्या पॅरिस-दिल्ली विमानात प्रवेश नाकारला गेल्यास ६०० युरोंपर्यंत मागणी करता येते, परंतु त्याच कंपनीच्या दिल्ली-पॅरिस विमानासाठी नाही.

तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी. समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा यंत्रणेकडे ती नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रवासी आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. तिकीट, मूळ व बदललेला बोर्डिंग पास, कंपनीचे संदेश आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. प्रवेश नाकारल्याचे कारण काउंटरवरच लेखी मागून घ्यावे, कारण प्रवासी उशिरा आला होता, असा दावा कंपनीने नंतर केल्यास हाच कागद उपयोगी पडतो.