वसईच्या चर्चमधल्या घंटा गेल्या कुठे?

आपल्या बुलढाण्याकडून पंचवटीला जाणारे लोक नारोशंकराच्या देवळातली भलीमोठी घंटा बघतातच. तिच्यावर साल आहे १७२१. देऊळ मात्र १७४७चं! म्हणजे घंटा देवळाहून जुनी. ती पोर्तुगीज; १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण. मेणवलीच्या घाटावरची घंटाही तिथलीच असं मानतात. तिच्यावर १७०७ साल आणि मरिया-बाळ येशू.

वसईच्या किल्ल्यात गेलात तर सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली जरा थांबा. तिथला शिलालेख १६०१चा. वर मनोरा रिकामा. कुठली घंटा कुठल्या चर्चची, हे नुसत्या सालावरून ठरत नाही. साल घंटा ओतल्याचं असतं, टांगल्याचं नव्हे. माझं काम नेमकं इथेच अडलंय.