तळीरामाचें गोत

दारू प्यालेल्या माणसाच्या अवस्थेला मराठींत किती शब्द आहेत हें मोजूं गेल्यास हाताचीं बोटें पुरत नाहींत. कोणी झिंगतो, कोणी तर्र होतो, कोणास नुसतीच 'चढते'; इंग्रजीच्या सहवासानें कोणी टाइट होऊं लागला, तर कोणी फुल्ल. पिण्याच्या क्रियेसही ढोसणें, टाकणें, मारणें अशीं दणकट क्रियापदें आहेत. सभ्य वाचकांनीं क्षमा करावी. पण या रांगड्या शब्दांत आम्हांस इतिहासाचे बरेच अवशेष आढळतात.

'बेवडा' हाच शब्द घ्या. आज ती पिणाऱ्यास दिलेली शिवी आहे. पण मुळांत बेवडा म्हणजे दोन वेळां गाळलेली दारू. मालाचें नांव गिऱ्हाइकास चिकटलें आणि माल विस्मृतींत गेला! 'पावशेर' आणि 'नवटाक' यांची गोष्ट याच्या उलट. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, आणि वाण्याच्या व गवळ्याच्या दुकानांतून शेर हळूहळू उठला. गुत्त्यावरच्या बोलींत मात्र 'पावशेर मारणें' पुढेंही टिकलें. बाजारानें टाकलेलें माप दारूबाजांनीं सांभाळावें, ही मौज खरी.

परंतु सर्वांत विलक्षण शब्द एका नाटकानें दिला. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आणलें. त्यांतील तळीराम हा सुधाकर वकिलाचा कारकून. धन्याच्या हातीं पहिला प्याला देणारा हाच, आणि 'आर्य मदिरा मंडळा'चा आधारस्तंभही हाच. मद्यपानानें एका सुशिक्षित घराची कशी राखरांगोळी होते तें दाखवावें, हा नाटककाराचा हेतु उघड आहे. भाषेनें मात्र त्यांतून विनोद तेवढा उचलला. आजही वर्षअखेरीस पोलिसांनीं मद्यपी वाहनचालक पकडले कीं वर्तमानपत्रें 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा देतात, आणि वाचणारा गालांतल्या गालांत हंसतो.

सुधाकराचें सामान्यनाम झालें नाहीं, सिंधूचेंही नाहीं. ज्या घरांत तान्हें मूल दारूपायीं गेलें, त्या घरांतून बोलभाषेनें एकही शब्द घेतला नाहीं. याचें कारण आमचे मतें असें कीं, वर दिलेले बहुतेक शब्द बैठकींतल्या सोबत्यांनीं घडविलेले आहेत; त्यांत थट्टा आहे, सलगी आहे, किंचित् कौतुकही आहे. घरच्या माणसांस इतके शब्द लागत नाहींत. तिन्हीसांजेस दारांत पाऊल वाजतें, आंतून कोणी हळूच म्हणतें, "पिऊन आलेत." काय पिऊन, हें मराठींत कोणी सांगत नाहीं आणि कोणी विचारीतही नाहीं.