पडद्यापुढची खुर्ची

विमानात पुढच्या आणि मागच्या प्रवाशांच्या मध्ये एक पडदा असतो. साधे कापड असते, पण विमान वर गेले आणि तो ओढून घेतला की एकाच विमानाची दोन विमाने होतात. पुढे लोक आडवे होऊन झोपतात, मागे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकवून बसतात. पोहोचतात मात्र सगळे एकाच वेळी.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी करतो. आठ तासांहून लांबचे उड्डाण असेल तर ठरावीक हुद्द्यावरच्या माणसाला बिझनेस क्लासचे तिकीट द्यायचे, असा आमच्याकडे नियम आहे. या नियमामुळे मुंबई-दुबई-ह्यूस्टन हा प्रवास मी काही वेळा पडद्याच्या पुढे बसून केला. एकट्या दुबई-ह्यूस्टन टप्प्याला सोळा तास लागतात. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग असते, त्यामुळे झोप मिळाली याचे समाधान असतेच. पण ते तिकीट माझ्या खिशातून मी कधीच काढले नसते. मग ही खुर्ची नेमकी कोणासाठी बनली? हा पडदा कोणी आणि का लावला? याचा शोध घेताना गोष्ट विमानाच्याही मागे, रेल्वेपर्यंत जाते.

युरोपात रेल्वे नवी होती तेव्हा तिसऱ्या वर्गाचे डबे अनेक ठिकाणी उघडे असत. वर छप्पर नाही, बसायला धड बाक नाही. छप्पर घालायला कंपनीला असा किती खर्च आला असता? फारसा नाही. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्ये याचे उत्तर लिहून ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे की कंपनीला गरिबांचा छळ करायचा नव्हता. तिला भीती होती ती दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या प्रवाशाची. तिसरा वर्ग बरा झाला तर तो तिकडे जाऊन बसेल. त्याला तिकडे जाऊ द्यायचे नाही म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम वाईट ठेवायचा. मार बसतो गरिबाला, पण धाक घालायचा असतो त्याच्यापेक्षा थोड्या बऱ्या स्थितीतल्या माणसाला.

द्युपुईचा हा हिशेब विमानालाही तसाच्या तसा लागू पडला.

सुरुवातीला विमानात वर्ग करण्याची गरजच नव्हती, कारण विमानात बसणारा माणूस मुळातच वरच्या वर्गातला होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा मार्गे लंडनला गेले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. त्यात संस्थानिक होते, उद्योगपती होते आणि स्वतः जे.आर.डी. टाटा होते. अशा विमानात पडदा कोणापासून लावणार?

पण युद्धानंतर विमाने मोठी होत गेली आणि ती भरायची तर मध्यमवर्गाला बोलावणे भाग होते. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेत ठरत. १९५२ मध्ये अटलांटिकवरच्या उड्डाणांसाठी स्वस्त 'टुरिस्ट क्लास' सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी क्लास' आला. आता प्रश्न असा की इकॉनॉमीचे तिकीट स्वस्त, मग टुरिस्टचे कोण घेणार? म्हणून इकॉनॉमीत जागा कमी आणि जेवण म्हणून फक्त सँडविच द्यायचे ठरले. यावरून त्याच वर्षी जे भांडण झाले ते 'सँडविच युद्ध' म्हणून प्रसिद्ध आहे. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस या कंपनीने पावावर मांस, चीज आणि भाज्या रचून भरपेट सँडविच द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पॅन ॲमने तक्रार केली की हे सँडविच नाही, हे जेवण आहे. आयाटाने सुनावणी घेतली, एसएएसला दंड झाला आणि इकॉनॉमीचे सँडविच साधेच असले पाहिजे असे ठरले. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला चांगले खायला घातले म्हणून दंड! द्युपुई जिवंत असता तर त्याला याचे नवल वाटले नसते.

बिझनेस क्लासचा जन्म मात्र थोड्या वेगळ्या तक्रारीतून झाला. १९७० पासून जंबो जेट आले. एवढ्या खुर्च्या भरणे सोपे नव्हते. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि विमान कंपन्या अडचणीत आल्या. मग सवलतीच्या तिकिटांचा पाऊस पडला. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकरने 'स्कायट्रेन' सुरू करून लंडन-न्यू यॉर्कचे एका बाजूचे तिकीट ५९ पौंडांना विकले. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून देशांतर्गत विमान भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण सैल करायला घेतले.

यात एक माणूस नाराज होता. कामासाठी फिरणारा. त्याची मीटिंग आयत्या वेळी ठरते आणि आयत्या वेळी बदलते, त्यामुळे महिनाभर आधी काढायचे सवलतीचे तिकीट त्याच्या उपयोगाचे नाही. त्याची कंपनी पूर्ण भाडे भरते, आणि त्याच्या शेजारी तशाच खुर्चीत निम्म्या पैशात आलेला पर्यटक बसतो. ही नाराजी ओळखून डच कंपनी केएलएमने १९७६ मध्ये पूर्ण भाडे भरणाऱ्यांना फर्स्ट क्लासच्या मागे, पण बाकीच्यांच्या पुढे वेगळे बसवले. १९७८ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज आणि पॅन ॲमनेही तेच केले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 'बिझनेस क्लास' याच नावाने वेगळा कक्ष आणला. पुढे चढाओढीत खुर्ची रुंद होत गेली आणि २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्येच सपाट पलंग दिला.

म्हणजे सुरुवातीला हा वर्ग ऐषआरामाचा नव्हता. ज्याचे तिकीट कंपनी काढते त्याला वेगळे बसवण्याची ती सोय होती. दुसऱ्याच्या पैशाने फिरणारा माणूस भाड्यावरून घासाघीस करत नाही, हे विमान कंपन्यांनी ओळखले. आणि त्याने मागे जाऊन स्वस्तात बसू नये म्हणून कुंपणेही घातली. अनेक सवलतीच्या तिकिटांना अट असे की शनिवारची रात्र तिकडेच काढून मग परतायचे. पर्यटकाला त्याने काही फरक पडत नाही, पण कामाला गेलेल्याला सुट्टीला घरी परतायचे असते. अट साधी, पण बरोबर माणूस अडकतो.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. ज्या १९७३ ने विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले, त्याच १९७३ ने आखाताच्या हाती पैसा दिला. तिथे रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून माणसे निघाली. माझे मामू त्यांतलेच. एजंटाला द्यायचे पैसे त्यांनी व्याजाने उचलले आणि ते फेडण्यात पहिल्या वर्षाची कमाई गेली. मामू कामासाठीच प्रवास करत होते. त्यांचा प्रवासही 'बिझनेस'च होता. फक्त त्याचा खर्च त्यांच्या अंगावर होता.

कायद्यानेही ही माणसे वेगळी मोजली. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानंतर कमी शिकलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'तपासणी आवश्यक' असा शेरा येऊ लागला. हेतू संरक्षणाचा होता, पण विमानतळावर रांग वेगळी होई आणि प्रश्नही वेगळे विचारले जात. जानेवारी २०१८ मध्ये अशा लोकांना केशरी रंगाचा पासपोर्ट द्यायचे सरकारने जाहीर केले. टीका झाली आणि त्याच महिन्यात तो विचार मागे घेतला गेला. पडदा विमानातच असतो असे नाही.

मुंबई-दुबईच्या विमानात मागच्या रांगांतून आजही आमच्या बाजूची बोली ऐकू येते. कोणी पहिल्यांदा निघालेला असतो, कोणी दोन वर्षांनी घरी येऊन परत जात असतो. मागे ज्याने तिकिटासाठी कर्ज काढले तो, आणि पुढे ज्याने एक रुपया भरला नाही तो मी. मला 'सर' म्हणून गरम टॉवेल दिला जातो, तो माझ्या कर्तबगारीला नसतो, तिकिटाला असतो. हे समजून घेतले की पुढे बसण्यात मिरवण्यासारखे काही उरत नाही, आणि लाजून मागे जाऊन बसण्यातही अर्थ नाही. माझ्या मागे जाण्याने तिथली एकही खुर्ची रुंद होणार नाही.

ती रुंद कशी होते, हेही इतिहासात आहे. उघड्या डब्यांवर छप्पर कंपन्यांच्या दयेने आले नाही. १८४४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की रोज किमान एक गाडी अशी हवी, जिच्यात तिसऱ्या वर्गाला बाक आणि पावसापासून आडोसा मिळेल आणि भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. आपल्याकडे गांधीजींनी १९१७ मध्येच तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले, तरी तो वर्ग रद्द व्हायला १९७४ उजाडले. विमानात तर उलटे झाले. १९७० च्या दशकात इकॉनॉमीत दोन रांगांमधले अंतर ३४ इंचांच्या आसपास असे, आज अनेक विमानांत ते ३० ते ३१ इंच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने विमान नियामकाला वर्षभरात आसनाचे किमान माप ठरवायला सांगितले. ती मुदत केव्हाच उलटून गेली.

पण एक उदाहरण आपल्या कोकणाचे आहे. राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गात रात्रभर लाकडी फळीवर झोपावे लागे. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. द्युपुईच्या हिशेबाने पाहिले तर पहिल्या वर्गाचे गिऱ्हाईक तुटायला हवे होते. तसे काही झाले नाही. पहिला वर्ग चालत राहिला आणि दुसऱ्या वर्गाचा फोम कोणी परत काढून घेतला नाही. फळी कठीण ठेवणे ही रेल्वेची गरज नव्हती, हे दोन इंचांत सिद्ध झाले. विमानातल्या मागच्या खुर्चीलाही कोणीतरी असेच दोन इंच मिळवून द्यायला हवेत.