मिनी ऑप्शन आणि बहुलेग ऑर्डर

मिनी ऑप्शन म्हणजे एखाद्या निर्देशांकावरचा, शेअरवरचा किंवा वायद्यावरचा नेहमीपेक्षा लहान लॉटचा (म्हणजे करारामागच्या नगसंख्येचा) ऑप्शन करार. बहुलेग ऑर्डर म्हणजे एकाच डावपेचातले दोन किंवा अधिक व्यवहार (बाजारात त्यांना लेग म्हणतात) एकत्र टाकणारी ऑर्डर. स्प्रेड, स्ट्रॅडल, स्ट्रँगल, आयर्न कॉन्डोर हे तिचे रूढ प्रकार. लहान करार अशा ऑर्डरमध्ये वापरायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : दोन्ही बाजूंचे नग जुळतात का, सर्व लेग एकदम पुरे होतात का, आणि मार्जिनची सवलत कुठपर्यंत टिकते.

पूर्वपीठिका. मुंबईच्या कापूस, सोने-चांदी आणि शेअर बाजारांत तेजी, मंदी आणि तेजी-मंदी हे सौदे जुने आहेत. तेजी घेणाऱ्याला ठरल्या भावाने खरेदीचा हक्क मिळे, मंदी घेणाऱ्याला विक्रीचा, तर तेजी-मंदीत दोन्ही. आजच्या भाषेत तेजी-मंदी हा दोन लेगचा व्यवहार ठरतो. मालासाठी 1952 च्या वायदे करार कायद्याने आणि रोख्यांसाठी 1956 च्या रोखे करार कायद्याने हे सौदे नावानिशी व्याख्येत घेतले आणि बंद केले. रोख्यांवरची बंदी 1995 मध्ये उठली. त्यानंतर एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल (1998) आला आणि 1999 च्या दुरुस्तीने डेरिव्हेटिव्हना कायद्यात ‘रोखे’ म्हणून स्थान मिळाले. जून 2000 मध्ये मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्हींवर निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. निर्देशांकाचे ऑप्शन जून 2001 मध्ये आणि शेअरांचे ऑप्शन जुलै 2001 मध्ये आले. मालावरच्या ऑप्शनना 2017 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एमसीएक्स या मालबाजारात सोन्याच्या वायद्यावरचा ऑप्शन सुरू झाला.

कराराचा किमान आकार. सुरुवातीला एका कराराचे मूल्य किमान 2 लाख रुपये असावे असा नियम होता. लहान गुंतवणूकदाराने या बाजारात उतरू नये हा त्यामागचा हेतू. सेबी या बाजारनियामकाच्या जुलै 2015 च्या परिपत्रकाने हा आकडा 5 लाखांवर गेला. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने निर्देशांकांपुरता तो 15 लाख झाला. आढाव्याच्या दिवशी मूल्य 15 ते 20 लाखांच्या दरम्यान राहील असा लॉट बाजारांनी ठरवायचा, अशी त्यात अट आहे.

निर्देशांक चढतो तशी कराराची किंमत चढते, म्हणून लॉट वेळोवेळी बदलावा लागतो. निफ्टीचा लॉट 2000 मध्ये 200 होता. पुढे तो 100, मग 2007 मध्ये 50, 2014 मध्ये 25, 2015 मध्ये 75, 2021 मध्ये 50, एप्रिल 2024 मध्ये 25 आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासूनच्या नव्या करारांना 75 असा झाला. सेन्सेक्सचा लॉट 2023 मध्ये 15 वरून 10 वर आला आणि नोव्हेंबर 2024 नंतर 20 झाला.

मिनी करारांचा प्रयोग (2008). सेबीने 27 डिसेंबर 2007 च्या परिपत्रकाने सेन्सेक्स आणि निफ्टी या दोनच निर्देशांकांवर किमान 1 लाख रुपये मूल्याच्या मिनी करारांना परवानगी दिली. 1 जानेवारी 2008 रोजी ते सुरू झाले. मिनी निफ्टीचा लॉट 20, मिनी सेन्सेक्सचा 5. नेहमीचे लॉट तेव्हा अनुक्रमे 50 आणि 15 होते.

बहुलेग व्यवहाराच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. सेन्सेक्सचे तीन मिनी करार म्हणजे बरोबर एक मोठा करार. एक लेग मोठ्या करारात आणि दुसरा मिनीत घेतला तरी नग जुळत. निफ्टीत 20 ने 50 ला पुरा भाग जात नाही. एका मोठ्या करारासमोर दोन मिनी ठेवले तर 10 नग उघडे पडत, तीन ठेवले तर 10 जास्त होत. दोन मोठे आणि पाच मिनी, म्हणजे 100 नग, इतके घेतल्यावरच दोन्ही बाजू सारख्या होत. ज्याला एकच लॉट परवडतो त्याच्यासाठी केलेला करार मोठ्या कराराशी जोडण्यासाठी त्याला दोन मोठे लॉट घ्यावे लागत. मिनीचा लॉट 25 ठेवला असता तर ही अडचण आलीच नसती. मिनी स्वतंत्र करार असल्यामुळे त्याची बोलीही वेगळी चाले. वायद्यांत थोडीफार उलाढाल होई, ऑप्शनमध्ये स्ट्राइकगणिक समोरचा खरेदीदार-विक्रेता मिळणे कठीण जाई. 5 लाखांची किमान मर्यादा आल्यावर या करारांना जागा उरली नाही.

अमेरिकेत लहान करार आणि बहुलेग ऑर्डर यांचा मेळ नियमातच घातलेला दिसतो. मार्च 2013 मध्ये तिथे अॅपल, अॅमेझॉन, गूगल आणि एसपीवाय व जीएलडी हे दोन ईटीएफ अशा पाचांवर 10 शेअरांचे मिनी ऑप्शन आले. नेहमीचा करार 100 शेअरांचा. बहुलेग ऑर्डरमधले लेगचे प्रमाण मोजताना 10 मिनी म्हणजे एक नेहमीचा करार धरावा, अशी तरतूद काही बाजारांनी केली. इतरांनी मिनी लेग फक्त मिनी लेगबरोबरच टाकता येईल असे ठरवले. हे करार डिसेंबर 2014 मध्ये बंद झाले. दक्षिण कोरियात कोस्पी 200 चा एक-पंचमांश आकाराचा मिनी करार 2015 पासून आहे.

ऑर्डरचे प्रकार. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेत तीन मार्ग आहेत. पहिला, वायद्यांचा कॅलेंडर स्प्रेड : दोन महिन्यांच्या भावांतल्या फरकावर बोली लागते आणि तिचे वेगळे ऑर्डर बुक असते. दुसरा, दोन किंवा तीन लेगची जोडऑर्डर : ती तत्काळ पुरी व्हावी, नाहीतर रद्द व्हावी अशा अटीवरच घेतली जाते, बुकात थांबत नाही. तिसरा, ब्रोकरच्या अॅपमधली बास्केट ऑर्डर. हिला बाजाराच्या नियमांत बहुलेग ऑर्डर म्हणता येत नाही. तिच्यातले लेग एकामागून एक स्वतंत्रपणे जातात. एक भरला आणि दुसरा अडकला असे घडू शकते, आणि त्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. सामान्य ग्राहक जवळपास नेहमी याच तिसऱ्या मार्गाने जातो, म्हणून हा फरक ठळकपणे सांगायला हवा. खरेदीचा लेग आधी आणि विक्रीचा नंतर लावण्याची पद्धत यातूनच पडली. विक्री आधी झाली तर काही क्षणांसाठी का होईना, उघड्या विक्रीचे पूर्ण मार्जिन खात्यात असावे लागते.

लॉट बदलताना एक जास्तीचा नियम लागू होतो. दोन महिन्यांच्या करारांचे लॉट वेगळे असतील, तर त्या जोडीचे स्प्रेड बुक उपलब्ध होत नाही. 2021 च्या बदलात जुलैपासूनचे निफ्टी करार 50 चे आणि त्याआधीचे 75 चे होते. त्यामुळे जून-जुलै जोडीवर थेट स्प्रेड टाकता येत नव्हता. 2024-25 च्या संक्रमणकाळात 25 आणि 75 हे दोन्ही लॉट काही आठवडे एकाच यादीत होते. तिथे निदान तीन जुने म्हणजे एक नवा असा पुरा भाग जात होता.

उदाहरण (भाव कल्पित). निफ्टीचा 25,000 चा कॉल 180 रुपयांना घेतला आणि 25,200 चा कॉल 95 ला विकला. निव्वळ खर्च नगामागे 85 रुपये. 75 च्या लॉटला जास्तीत जास्त तोटा 6,375 रुपये आणि जास्तीत जास्त नफा 115 गुणिले 75, म्हणजे 8,625 रुपये. 20 च्या मिनी लॉटवर हेच आकडे 1,700 आणि 2,300 झाले असते. दलाली मात्र ऑर्डरमागे ठरलेली असेल तर दोन्हीकडे सारखीच लागते. चार लेगच्या कॉन्डोरमध्ये, आत जाताना आणि बाहेर पडताना मिळून आठ ऑर्डरींची दलाली अशाच लहान नफ्यातून वजा करून पाहावी. लहान करार आकाराने स्वस्त असला तरी प्रमाणात महाग पडतो. लेग वाढवण्याआधी हा हिशेब करणे गरजेचे आहे.

मार्जिन. जोखीम एकेका लेगची न मोजता सगळ्या पोझिशनची एकत्र मोजायची, हे स्पॅन पद्धतीचे तत्त्व. जून 2020 पासूनच्या चौकटीत हेज केलेल्या पोझिशनचे मार्जिन लक्षणीय कमी झाले आणि स्प्रेड लहान ग्राहकाच्या आवाक्यात आले. डिसेंबर 2020 पासून दिवसातल्या सर्वोच्च मार्जिनची तपासणी टप्प्याटप्प्याने लागू झाली. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकातल्या दोन तरतुदी बहुलेग व्यवहाराला थेट भिडतात. 20 नोव्हेंबर 2024 पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लागते. 1 फेब्रुवारी 2025 पासून, त्याच दिवशी संपणारा लेग असलेल्या कॅलेंडर स्प्रेडची सवलत त्या दिवसापुरती काढून घेतली जाते. या आठवड्याचा कॉल विकून पुढच्या आठवड्याचा घेतलेल्या माणसाला आदल्या संध्याकाळी जेवढे मार्जिन पुरत होते, तेवढे एक्स्पायरीच्या सकाळी पुरत नाही. एकाच तारखेच्या स्प्रेडला ही दुसरी तरतूद लागू नाही.

कर. ऑप्शन विक्रीवरचा रोखे व्यवहार कर 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रीमियमच्या 0.0625 टक्क्यांवरून 0.1 टक्का झाला. विक्रीच्या प्रत्येक लेगवर तो स्वतंत्र लागतो.

मालबाजारातले मिनी ऑप्शन. भारतात लहान करार आज खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो एमसीएक्सवर. सोन्याचा मोठा वायदा 1 किलोचा आणि मिनी 100 ग्रॅमचा. चांदीचा 30 किलोचा आणि मिनी 5 किलोचा. क्रूड तेलाचा 100 बॅरलचा आणि मिनी 10 बॅरलचा. या मिनी वायद्यांवर ऑप्शनही आहेत. गुणोत्तर 10 किंवा 6 असे पूर्णांकात असल्यामुळे निफ्टीची 2008 ची अडचण इथे नाही.

मात्र हे ऑप्शन रोखीत मिटत नाहीत, त्यांचे वायद्यात रूपांतर होते. समजा, मिनी क्रूडचा 6,000 चा कॉल घेतला, 6,100 चा विकला आणि एक्स्पायरीला भाव 6,050 निघाला. विकलेला लेग शून्य होऊन संपतो. घेतलेला लेग 6,000 च्या भावाने वायद्यातली खरेदी होऊन हातात उरतो. कालपर्यंत तोटा बांधलेला होता, आज पूर्ण मार्जिनचा उघडा वायदा आहे. मिनीत दर रुपयाला 10 रुपये हलतात, मोठ्या करारात 100. स्प्रेड करणाऱ्याने एक्स्पायरीआधी दोन्ही लेग मिटवणे हाच सुरक्षित मार्ग. शेअरांच्या ऑप्शनमध्येही ऑक्टोबर 2019 पासून सर्वत्र प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, तिथेही हीच काळजी लागते.

मतभेद. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त होता. करार मोठा करण्यामागे हे आकडे आहेत आणि ते नाकारता येणार नाहीत. मात्र मोठा करार सगळ्यांना सारखा अडवत नाही. लॉट 75 चा झाल्यावरही एक्स्पायरीच्या दिवशी 5 रुपयांचा दूरचा कॉल 375 रुपयांत मिळे. नशीब अजमावणारा तिथे अडत नाही. ज्याच्याकडे 4 लाखांचे शेअर आहेत आणि ज्याला पुट घेऊन त्यांचे रक्षण करायचे आहे, त्याला 25,000 च्या निफ्टीवर साधारण 16 नगांचा करार हवा. 75 च्या लॉटमुळे त्याच्यासमोर 18 लाख 75 हजारांचा एकच करार होता. 2008 चा 20 नगांचा मिनी त्याच्या कामाचा होता. किमान आकार ठरवताना हेज करणारा आणि सट्टा करणारा यांच्यात भेद व्हायला हवा होता.

लहान करार वापरणारा ग्राहक : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार राष्ट्रीय शेअर बाजारात 1994 मध्ये आणि मुंबई शेअर बाजारात 1995 मध्ये सुरू झाले आणि दलाल स्ट्रीटची भौगोलिक मक्तेदारी संपली. कल्याणच्या पुढची शहरे त्यानंतर उपदलालांच्या (आता ‘अधिकृत व्यक्ती’) कार्यालयांतून आणि पुढे मोबाइलवरून बाजाराला जोडली गेली. उल्हासनगर व्यापारी आहे. अंबरनाथ शस्त्रास्त्र कारखान्याचे आणि औद्योगिक वसाहतीचे, तर बदलापूर मुख्यतः रोज मुंबई-ठाण्याकडे जाणाऱ्या नोकरदारांचे. शेअर बाजाराची 9:15 ते 3:30 ही वेळ पाळीवरच्या कामगाराला किंवा लोकलमधल्या नोकरदाराला सोयीची नाही. अमेरिकी तेलसाठ्याचा साप्ताहिक आकडा भारतात बहुधा बुधवारी रात्री 8 किंवा 9 वाजता येतो आणि एमसीएक्स रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात 11:55 पर्यंत चालू असते. कामावरून परतलेल्या माणसाला मिनी क्रूड खुले सापडते ते याच वेळी, जेव्हा भाव सर्वांत जोरात हलतात. या वेळेत बास्केटमधला एक लेग भरून दुसरा अडकण्याचा धोका दिवसापेक्षा मोठा असतो. तेव्हा बाजारभावाची ऑर्डर टाळून मर्यादित भावाचीच टाकावी.

सद्यस्थिती. 2015 नंतर सेन्सेक्स किंवा निफ्टीवर मिनी ऑप्शन परत आलेला नाही.